न आलेल्यांची खानेसुमारी

बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरांवर वसलेल्या तुळजापुरास नवरात्रात आणि त्यानंतरच्या आश्विनी पौर्णिमेस जो जनसमुदाय लोटतो, त्यात नवस बोलावयास आलेल्यांच्या बरोबरीने नवस फेडावयास आलेल्यांचीही संख्या मोठी असते. कल्लोळ तीर्थात स्नान करून, गोमुखाचे पाणी मस्तकी घेऊन, कवड्यांची माळ गळ्यात नि परडी हाती घेऊन जी माउली पायऱ्या उतरते, तिची कहाणी ऐकावी तर ती बहुधा एकाच वळणाची असते: लेकरू हातचे जात होते, वैद्य झाले, डॉक्टर झाले, अखेर आईला साकडे घातले आणि लेकरू उठून बसले. ही कहाणी खोटी आहे असे म्हणण्याचे धारिष्ट्य कोणी करू नये, कारण ते लेकरू तिच्या कडेवर प्रत्यक्ष हसत असते. परंतु ज्या माउलीने तोच नवस बोलला, तितक्याच कळवळ्याने बोलला, आणि जिचे लेकरू तरीही गेले, ती माउली या पायऱ्यांवर दिसत नाही. ती घरीच राहते. तिचे नाव ना भोप्यांच्या वहीत सापडते, ना देवस्थानच्या दफ्तरात.

श्रद्धेचा प्रांत वेगळा आहे आणि त्यात शिरण्याचा या लेखाचा हेतू नाही. आई भवानीने आपल्या उपासकांना हिशेब मागितलेला नाही, तेव्हा तो आपणही तिला मागू नये. प्रश्न आहे तो औषधाचा. कारण ज्या रीतीने नवसाची कीर्ती पसरते त्याच रीतीने शतकानुशतके औषधांचीही पसरत आली. वैद्याची मात्रा, हकिमाचे माजून, आणि पुढे साहेबाच्या दवाखान्यातील रंगीत मिश्रण या सर्वांना साक्षीदार मिळत ते वाचलेल्यांतून. गेलेला रोगी साक्षीस येत नाही, आणि औषध न घेता आपोआप बरा झालेला रोगी तर आपण साक्षीदार आहोत हे जाणतही नाही. औषध घेतलेले व वाचलेले, घेतलेले व गेलेले, न घेतलेले व वाचलेले, न घेतलेले व गेलेले, अशी चार घरे मांडून चारही भरल्याखेरीज औषधाचा गुण ठरत नाही, ही आज शाळकरी वाटणारी गोष्ट मनुष्यजातीच्या ध्यानात यावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आणि तिची कसोटी ज्या भूमीत फार मोठ्या प्रमाणावर व फार मोठ्या किमतीने लागली, ती भूमी तुळजापूर ज्या जिल्ह्यात मोडते त्याच जिल्ह्याची आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

जुन्या काळी या मुलुखात पटकीची साथ आली म्हणजे गावकरी मरीआईचा गाडा काढीत आणि वाजतगाजत तो शिवेबाहेर नेऊन सोडीत. गाडा गेला की काही दिवसांत साथ ओसरे. ती खरोखरच ओसरे, कारण पटकीची साथ चढते आणि उतरतेही, आणि गाडा काढण्याइतकी गावाची पाचावर धारण बसते ती साथ कळसाला पोहोचल्यावरच. 'आधी इतके मरत होते, नंतर इतके मरू लागले' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा. आधीचे आणि नंतरचे लोक ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच वेळी, एकाच संकटात सापडलेल्या दोन समूहांचा, एकास उपाय लाभलेला व दुसऱ्यास न लाभलेला, असा मुकाबला झाला पाहिजे. त्यासाठी नुसती मृतांची गणती पुरत नाही; किती जणांपैकी ते मृत, हेही माहीत असावे लागते. निजामाच्या राज्यात पहिली खानेसुमारी १८८१ साली झाली. तुळजापूर तेव्हा नळदुर्ग जिल्ह्यात होते. पुढे जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास आले, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद म्हणू लागले, आणि २०२३ साली ते सरकारदरबारी पुन्हा धाराशिव झाले. मृत्यूचा अंश गावच्या वहीत रोजच्या रोज चढावा आणि माणसांचा छेद मात्र दहा वर्षांतून एकदा हाती लागावा, अशा दफ्तरावरून कोणत्याही उपायाची परीक्षा करणे अवघडच होते.

अंश आणि छेद एकत्र आणून वैद्यकास प्रश्न विचारण्याचा मान सामान्यतः पॅरिसच्या पिएर लुई या वैद्यास दिला जातो. फुप्फुसाच्या दाहावर रक्त काढणे हा त्या काळचा सर्वमान्य उपचार. लुईने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा ७७ रोग्यांचा हिशेब दिला: ज्यांचे रक्त दुखण्याच्या पहिल्या चार दिवसांत काढले असे ४१, त्यांपैकी १८ दगावले, ज्यांचे त्यानंतर काढले असे ३६, त्यांपैकी ९ दगावले. शेकडा ४४ विरुद्ध शेकडा २५. ज्या उपचाराने लवकर केल्यास जीव वाचावयाचा, तो लवकर केल्याने अधिक जीव गेलेले दिसले. पॅरिसच्या वैद्यमंडळींत खळबळ माजली. परंतु एवढ्या थोड्या रोग्यांत असा फरक निव्वळ दैवयोगानेही पडू शकेल की काय, हा खरा प्रश्न होता आणि तो सोडविण्याचे साधन लुईपाशी नव्हते.

महाराष्ट्राच्या भूमीवर हा प्रश्न अवतरला तो प्लेगाच्या रूपाने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे युक्रेनी ज्यू शास्त्रज्ञ मुंबईस दाखल झाले. तीन महिन्यांच्या आत त्यांनी प्लेगाची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही जागा दुःखाची खरी. परंतु हिशेबनिसास तीसारखी जागा नाही. आत किती माणसे आहेत हे रोज सकाळी मोजले जाते, सर्वांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक, आणि कोणी पळून जाऊन छेद बिघडवीत नाही. कैद्यांना समजावून सांगितल्यावर जवळजवळ अर्ध्यांनी लस टोचून घेतली. पुढील दिवसांत लस न टोचलेल्या सुमारे पावणेदोनशेंपैकी बारा जणांस प्लेग झाला व त्यांतील सहा मेले. लस टोचलेल्या सुमारे दीडशेंपैकी दोघांस झाला आणि एकही मेला नाही.

या आकड्यांनी हाफकिन यांचे नाव झाले. पण चिकित्सक बुद्धीच्या माणसाने येथे थांबून विचारले पाहिजे, आणि विचारलेही गेले, की लस टोचून घेण्यास जे आपण होऊन पुढे आले ते मुळातच न येणाऱ्यांहून वेगळ्या प्रकृतीचे, वेगळ्या सवयींचे असतील तर काय? हाफकिन यांस या शंकेची जाणीव होती. पुढल्याच वर्षीच्या आरंभी मुंबईच्या उमरखाडी तुरुंगात त्यांनी कैद्यांस रांगांत बसवून एकाआड एक लस टोचण्याची पद्धत अवलंबिली. निवड कैद्याच्या इच्छेवर राहिली नाही, वैद्याच्या मर्जीवर राहिली नाही. ती बसण्याच्या जागेवर गेली. पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची जी प्रथा वैद्यकात सर्वमान्य झाली, तिचे हे ओबडधोबड पूर्वरूप म्हटले पाहिजे. कैद्याच्या संमतीचे काय, हा प्रश्न आज आपल्या मनात उठतो तसा त्या काळी फारसा कोणाच्या मनात उठला नाही.

परंतु माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा तुरुंगातला नव्हे, एका खेड्यातला आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, राजधानीजवळच, उंढेरा नावाचे गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग पसरत असता हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांस लस टोचली व निम्म्यांस तशीच ठेवली. सुमारे दीड महिन्याने अधिकारी व डॉक्टर गावात परतले आणि एकेका घराची रुजुवात घेऊ लागले. एकंदर २८ घरांत प्लेग शिरला होता. या घरांत लस टोचलेली माणसे ७१. त्यांतील ८ जणांस रोग झाला व ३ मेली. लस न टोचलेली ६४. त्यांतील २७ जणांस रोग झाला व २६ मेली. त्या २८ घरांच्या ओसरीवर काय बोलले गेले असेल, एका भावास लस मिळाली व दुसऱ्यास मिळाली नाही याचा जाब कोणी कोणास विचारला असेल, हे त्या अहवालांच्या रकान्यांत कोठेही नाही. रकान्यांत आहेत ते चार आकडे. आणि ते चार आकडे इतके निःशब्दपणे निर्णायक आहेत की त्यांपुढे वादास जागा उरत नाही.

वादास जागा उरत नाही हे आपण डोळ्यांनी पाहून म्हणतो; गणिताने ते कसे म्हणावे? ते साधन लवकरच सिद्ध झाले. लंडनच्या कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग कसोटी मांडली, १९०४ साली त्यांनी ब्रिटिश फौजेतील विषमज्वराच्या लसीचे आकडे तपासून लसीच्या पुरस्कर्त्यांशी जाहीर वाद घातला, आणि १९१५ साली ग्रीनवुड व यूल या दोघांनी विषमज्वर व पटकी यांवरील लसींच्या आकड्यांची परीक्षा कोणत्या अटींवर करावी याचे शिस्तशीर विवेचन केले. या कसोटीचे मर्म असे आहे. क्षणभर धरून चालावे की उपायाचा काहीही परिणाम नाही. म्हणजे दोन्ही गट वस्तुतः एकच असून त्यांची फाळणी केवळ नावाची आहे. तसे असेल तर दोन्ही गट एकत्र करून मृत्यूचे एक सामाईक प्रमाण काढता येते, आणि त्या प्रमाणावरून व गटांच्या आकारावरून, नुसत्या दैवयोगाने दोन गटांच्या प्रमाणांत किती चढउतार होऊ शकेल याचे मापही काढता येते. मग प्रत्यक्ष दिसलेल्या फरकास या मापाने भागावे. भागाकार दोनाच्या आत राहिला तर फरक दैवाच्या पदरी घालण्यास हरकत नसते. दोनाच्या पलीकडे गेला तर तसा फरक निव्वळ योगायोगाने शंभरांत पाचांहून कमी वेळा पडावा. आणि तीन-चारांपलीकडे गेला तर दैवाचे नाव घेणे हा केवळ हट्ट होय.

आता मागील आकडे या काट्यावर घालून पाहावेत. लुईच्या रोग्यांचा भागाकार येतो १.७, म्हणजे त्याचा संशय योग्य दिशेचा असला तरी सिद्धता अपुरी होती. भायखळ्याच्या तुरुंगातील रोगबाधेचा भागाकार येतो जवळपास २.४, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, पण शपथ घेण्याजोगा नव्हे. उंढेऱ्याच्या मृत्यूंचा येतो पाचांहून अधिक. येथे एक खोच आहे व ती पुढे आपल्या कामास येणार आहे: हे गणित प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे मानून चालते, आणि प्लेग तर घर पाहून शिरतो, माणूस पाहून नव्हे. एका घरातील चार मृत्यू हे चार निरनिराळे साक्षीदार नसतात. तरीही उंढेऱ्यास प्रत्येक घर मधोमध विभागलेले असल्यामुळे घराची बाधा दोन्ही बाजूंस सारखीच पडली, आणि हाफकिन यांची ही युक्ती गणिताने नव्हे तर व्यवहारबुद्धीने सुचलेली असावी असे वाटते.

हिंदुस्थानात संख्याशास्त्राची वाट पुढे शेतातून गेली. साताऱ्याकडच्या पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या पाहणीतून नमुनानिवडीचे शास्त्र उभे केले व त्यांचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. पुणे विद्यापीठात १९५३ साली व. शं. हुजुरबाजारांच्या नेतृत्वाखाली संख्याशास्त्राचा विभाग निघाला. विलायतेत चिठ्ठ्यांच्या पद्धतीने झालेल्या क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेचा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला: औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ मेले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. या सर्व काळात मराठवाड्याचा हा कोपरा मात्र दफ्तराच्या दृष्टीने अंधारातच राहिला. निजामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण खेड्यात कोण कोणत्या रोगाने मेले हे तेव्हाही कोणास नीटसे सांगता येत नव्हते.

ते सांगण्याची सोय झाली ती बार्शीस. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी परंडा, भूम, कळंब या उस्मानाबादच्या तालुक्यांची ती पूर्वापार पेठ. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, डॉ. भगवान नेने प्रभृतींच्या खटपटीने व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने, १९८७ साली ग्रामीण कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातील ग्रामीण भागासाठीची ती पहिली. बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांत कार्यकर्ते हिंडत, गावोगाव विचारपूस करीत, अंगावर पांढरे जाते का, अवेळी रक्त जाते का हे बायकांस धीर देऊन विचारीत. या नोंदींतून जे दिसले ते असे की येथील स्त्रियांस होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी आहे आणि बहुतेक स्त्रिया दवाखान्यात येतात त्या वेळ टळून गेल्यावर.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून वर्षानुवर्षांनी उद्भवतो, आणि त्याची पूर्वावस्था वेळीच सापडली तर साध्या उपचाराने तो टळतो. पाश्चात्त्य देशांत पॅप चाचणी वारंवार करून त्याचे प्रमाण खूप घटले होते. परंतु जेथे बाई आयुष्यात एकदाच तपासणीस येणार, तेथे कोणती चाचणी करावी? सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याची पॅप चाचणी, सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून उघड्या डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त चाचणी, की विषाणूचाच शोध घेणारी महाग एचपीव्ही चाचणी? आणि यांपैकी एकाही चाचणीने, एकदाच केली असता, मृत्यू खरोखर कमी होतात काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठी १९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने व श्रीमती कस्तुरी जयंत, टाटा स्मारकाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री व डॉ. केतायून दिनशॉ हे त्याचे सूत्रधार. जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ गट पाडून, चिठ्ठ्यांच्या न्यायाने, तेरा-तेरा गटांची चार अंगे केली: तीन अंगांस तीन चाचण्या, आणि चौथ्यास, म्हणजे तुलनेच्या अंगास, काहीही नवे नाही, केवळ प्रचलित सेवा. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा हा हिशेब होता. उंढेऱ्याच्या २८ घरांचे शंभर वर्षांनंतरचे हे विराट रूप.

आठ वर्षे पाठपुरावा झाला आणि निष्कर्ष २००९ च्या एप्रिलात अमेरिकेतील न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिला आकडा पाहताच अनभिज्ञ वाचक दचकेल. एचपीव्ही चाचणीच्या अंगात कर्करोग सापडला १२७ स्त्रियांस. तुलनेच्या अंगात ११८ स्त्रियांस. दोन्ही अंगांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी, मग चाचणीने रोग वाढवला की काय? नाही, जो शोधतो त्याला सापडते, एवढाच याचा अर्थ. चाचणीच्या अंगातील कर्करोग लवकरचे होते. पुढच्या अवस्थेला, म्हणजे दुसऱ्या टप्प्यास वा त्यापुढे पोहोचलेले, केवळ ३९, तर तुलनेच्या अंगात ८२. अंश कोणता घ्यावा हे चुकले तर छेद अचूक असूनही निकाल उलटा लागतो, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळेल. खरा अंश मृत्यूचा. एचपीव्ही अंगातील ३४,१२६ स्त्रियांपैकी या रोगाने ३४ मृत्यू पावल्या. तुलनेच्या अंगातील ३१,४८८ पैकी ६४. दर दहा हजारांस १० विरुद्ध २०.

हे प्रमाण मागच्याच काट्यावर घातले तर भागाकार साडेतीनाच्या आसपास येतो. पण ती मघाची खोच येथे आड येते: चिठ्ठी बाईच्या नावाची नव्हती, गावांच्या गटाची होती. एका गटातील गावांचे पाणी, लग्नाचे वय, दवाखान्याचे अंतर सारखे. तेव्हा तेथील हजारो स्त्रियांना हजारो स्वतंत्र साक्षीदार मानणे म्हणजे आपल्या बाजूने वजनात मारणे होय. संशोधकांनी ही गोष्ट हिशेबात धरली आणि तरीही एचपीव्ही अंगातील मृत्यूचा दर तुलनेच्या अंगाच्या ०.५२ पट, म्हणजे जवळजवळ निम्मा निघाला; दैवाच्या खेळास पूर्ण वाव देऊनही तो ०.३३ ते ०.८३ यांच्या दरम्यान असावा, एकास पोहोचत नाही. उलट पॅप चाचणीच्या अंगात ३२,०५८ पैकी ५४ आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या अंगात ३४,०७४ पैकी ५६ मृत्यू झाले; हे कमी दिसतात खरे, पण दुसऱ्या अंगाचा भागाकार सव्वाच्या आतच राहतो, आणि तो फरक योगायोगाचा नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणता येत नाही याचा अर्थ उपाय निरुपयोगी ठरला असा मात्र कोणी घेऊ नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच अ‍ॅसिडची चाचणी आरोग्यसेविकांनी चार फेऱ्यांत केली तेव्हा मृत्यू शेकडा ३१ ने घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. न्यायालयात पुराव्याअभावी सुटलेला मनुष्य निर्दोष असतोच असे नाही, तसेच हे.

ज्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी रोगमुक्त आली त्यांच्यात पुढील आठ वर्षांत कर्करोगाचे प्रमाण वर्षाकाठी लाखात चाराहून कमी आढळले. पॅप व अ‍ॅसिड चाचण्यांत रोगमुक्त ठरलेल्यांत ते सोळाच्या घरात होते. एकदाच झालेल्या तपासणीवर वर्षानुवर्षे विसंबता येते, हे जगाला प्रथम इतक्या ठामपणे सांगितले ते ज्वारी-तुरीच्या या दुष्काळी जिल्ह्यातील बायकांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीची शिफारस केली, तिच्या पायाशी जे संशोधन आहे त्यात उस्मानाबादचे नाव अग्रभागी आहे.

आणि ते चौसष्ट मृत्यू? या प्रश्नावरून पुढे मोठा वाद पेटला. उस्मानाबाद, मुंबई व तमिळनाडूतील दिंडीगल येथील तिन्ही प्रयोगांत मिळून तपासणी न झालेल्या १,३८,६२४ स्त्रिया होत्या व त्यांपैकी किमान २५४ या रोगाने मृत्यू पावल्या, असे सांगून अमेरिकेतील एका डॉक्टराने हे प्रयोग अनीतीचे ठरविले. तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना काही स्त्रियांस तिच्यापासून दूर ठेवलेच कसे, असा त्याचा सवाल होता. संशोधकांचे उत्तर असे की त्या काळी जिल्ह्यात कोणासच तपासणी मिळत नव्हती. तुलनेच्या अंगापासून काही काढून घेतले नाही, आणि खेड्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू घटतात की नाही हे तेव्हा कोणास माहीत नव्हते. दोन्ही बाजू वाचल्यावर मला संशोधकांचा पक्ष तर्काने अधिक बळकट वाटतो. माहीत नव्हते हे खरे आहे. पॅप चाचणी, जी जगभर प्रमाण मानली जाई, तीच या जिल्ह्यात मृत्यू घटविल्याचे सिद्ध करू शकली नाही, यावरून अज्ञान प्रामाणिक होते हे दिसते. पण तर्क तुलनेच्या अंगापाशी संपतो आणि कर्ज तेथून सुरू होते. उंढेऱ्याच्या सव्वीस जणांच्या मृत्यूनंतर प्लेगाची लस हिंदुस्थानभर लक्षावधींस टोचली गेली. त्या मृत्यूंचे मोल देशाने निदान अंशतः तरी चुकते केले. उस्मानाबादच्या चौसष्ट जणींचे मोल कोणी कसे चुकते केले, हे पाहू गेल्यास मान खाली घालावी लागते.

केंद्र सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांच्या तपासणीचे मार्गदर्शन काढले, ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या चाचणीचे. कारण उघड आहे, ती स्वस्त आहे. स्वस्त म्हणून वाईट असे नव्हे, मुंबईच्या फेऱ्यांनी तिचा गुण दाखविलाच आहे; पण फेऱ्या व्हावयास बाईने वारंवार यावे लागते, आणि आमच्या बाया वारंवार येतात त्या तुळजापुरास, आरोग्य केंद्रास नव्हे. म्हणून ज्या ठिकाणी त्या आपण होऊन येतात त्या ठिकाणीच, नवरात्र व चैत्री पौर्णिमेच्या यात्रांत, जिल्हा प्रशासनाने, आरोग्य खात्याने व मंदिर संस्थानाने मिळून एचपीव्ही तपासणीची कायमची व्यवस्था करावी, नमुना बाईस स्वतः घेता येतो ही आता सिद्ध झालेली सोय तिला समजावून द्यावी, आणि आलेल्या प्रत्येकीचे नाव, गाव व निकाल वहीत चढवून, न आलेल्यांची गावनिहाय यादी आशा कार्यकर्तीच्या हाती सोपवावी, अशी माझी या तिन्ही दफ्तरांस विनंती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार, ३० ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ज्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झाली आहे, त्यांचे प्रमाण शेकडा १.९ आहे.